तात्यांचा कौल

“रडक्या तोंडान देवासमोर येव नको. आधी तोंड धू,” बाबलकाका म्हणाला आणि त्याने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

मी देवळाच्या पायरीवर बसून तोंड धुतलं, पदराने पुसलं. आत सभामंडपात माझा भाऊ दिगू खांबाला टेकून उभा होता. लंडनहून येऊन त्याला दोन दिवस झाले होते, पण अजून त्याच्या अंगातला प्रवास उतरला नव्हता. आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आमचे तात्या बसले होते. पिवळे. डोळे, नखं, तळहात, सगळं हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं. अंगावरची बंडी त्यांच्याच मापाची, पण दुसऱ्या कुणाची मागून आणल्यासारखी दिसत होती.

तात्या म्हणजे आत्माराम गुरव. कुडाळपासून आत असलेल्या आमच्या गावातल्या रवळनाथाचे गुरव. अख्खा जन्म त्यांनी त्या गाभाऱ्यात कौल लावण्यात घालवला. तगरीची ओली पाकळी देवाच्या उजव्या खांद्याला एक आणि डाव्या खांद्याला एक चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. चेडवाचं लग्न ह्या घरात करू की नको, विहीर हयसर खणू की थयसर, झिलाला मुंबईला पाठवू काय, असलं सगळं गाव त्यांच्याकडे घेऊन यायचं. गाभारा इतका अरुंद आणि काळोखा, की बाहेर उभ्या माणसाला देव सोडाच, पाकळीही दिसायची नाही. आतून गुरव सांगेल ते खरं. आणि तात्यांनी सांगितलं की गावाला ते खरंच असायचं. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा त्यांनी कधी सोयीचा कौल दिला नव्हता, त्यावरून तो मेला वर्षभर आमच्याकडे जेवायला आला नाही.

दोन दंडक होते आमच्या घरचे. गुरवाने स्वतःचा कौल स्वतः लावायचा नाही. आणि देवाला एक गोष्ट दोनदा विचारायची नाही. काही बिलंदर माणसं मनासारखा कौल मिळाला नाही की पुढच्या सोमवारी तोच प्रश्न उलटा करून घेऊन यायची. तात्या त्यांना पायरीवरूनच परत पाठवायचे. “देव काय वकील आसा, फिरवन फिरवन विचारूक?”

आणि आम्ही दोघं भावंडं नेमकं तेच करायला निघालो होतो.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगून झालं होतं. स्वादुपिंडात गाठ, जागा वाईट, शस्त्रक्रियेचं नाव काढू नका. कावीळ उतरायला आत एक नळी बसवू, मग घरी न्या, आवडेल ते खायला घाला. मी बाहेर जाऊन विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, “दिवाळी बघतील. शिमग्याचं मी सांगत नाही.” चांगला माणूस होता. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग हे सांगितलं.

दिगूने तिकडे सगळे फोटो आणि रिपोर्ट एका मोठ्या सर्जनला दाखवले. तो म्हणाला, आणा त्यांना, मला स्वतः तपासू दे, कदाचित काढता येईल. त्या ‘कदाचित’वर दिगूने विमान पकडलं. तात्यांचा आणि माझा पासपोर्ट होता, दिगूच्या लेकीच्या बारशाला जायचं म्हणून काढलेला. तेव्हा ते गेले नव्हते, म्हणाले होते की देवाला कोण आंघोळ घालणार.

आताही ते ऐकेनात. “एकदा सांगल्यानी ना? मगे परत कित्याक विचारूचा?”

“डॉक्टर म्हंजे रवळनाथ न्हय, तात्या!” मी मुळातच तोंडाळ. “डॉक्टराक धा वेळा विचारूचा, धा जणांक विचारूचा.”

“आणि धाव्यान वेगळा सांगल्यान, तर पयले नव खोटे?”

दिगू त्यांच्या पायाशी बसला. शाळेत पहिला येणारा, पुढे पुण्याला आणि मग परदेशी गेलेला, मालवणी विसरत चाललेला माझा भाऊ. म्हणाला, “तात्या, मी आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नाही. एकदा माझ्याबरोबर चला.” आणि लहान पोरासारखा त्यांच्या गुडघ्यात डोकं घालून रडला. आई गेली तेव्हा तो परीक्षेमुळे वेळेवर पोचला नव्हता. ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तात्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. “बरा,” ते म्हणाले. “देवाक विचारया. उजवी दिल्यान तर येतंय. डावी दिल्यान तर माका हयच मरूक द्यायचा, आणि परत ह्यो विषय काढूचो नाय. कबूल?”

दिगूचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. तरी म्हणाला, “कबूल.”

म्हणून आम्ही देवळात होतो.

कौल बाबलकाका लावणार होता. तात्यांचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, आयुष्यभर तात्यांच्या हाताखाली समई धरलेला. तात्यांना हाताला धरून त्याने आत नेलं. आम्ही बाहेर. काकाने गाऱ्हाणं सुरू केलं, “बा देवा म्हाराजा…” आणि त्याचा आवाज आतल्या आत घुमत राहिला. मग तो थांबला. मी दिगूचा दंड धरला होता, त्याला माझी नखं लागली असतील.

आत कुजबुज सुरू झाली, ती थांबेचना. पहिल्यांदा काकाची, मग तात्यांची, मग परत काकाची. शब्द कळेनात. मला वाटलं, पाकळ्या पडत नसतील, कधीकधी देव वेळ घेतो.

“उजवी!” आतून काकाची हाक आली. “उजवी दिल्यान!” त्याचा आवाज मधेच फाटला.

मी तिथल्या तिथे जमिनीवर डोकं टेकलं. दिगू, तो विश्वास नसलेला दिगू, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. तात्या वाकून उंबऱ्याबाहेर आले. त्यांची उजवी मूठ मिटलेली होती. ते दिगूकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “चल बाबा. दाखव तुझा लंडन.”

निघायच्या दिवशी सगळ्यांना ते “येतंय” म्हणाले. शेजाऱ्यांना, दारातल्या म्हशीला, न्हाणीतल्या कळशीलासुद्धा म्हणतात की काय असं मला वाटायला लागलं. गाडी देवळापाशी थांबवली. खाली उतरवत नव्हतं, बसूनच हात जोडले आणि म्हणाले, “जातंय रे म्हाराजा.”

“तात्या!” मी खेकसले. “जातंय काय म्हणतास? येतंय म्हणा!”

“देवाक सगळा चलता, चेडवा.”

बाबलकाका देवळाच्या दारात उभा होता. तो गाडीपर्यंत आलाच नाही. मला त्याचा राग आला. सख्खा भाऊ चाललाय आणि हा मेला खांब धरून उभा.

लंडनच्या त्या इस्पितळातले डॉक्टर हॅरिसन खूप उंच होते. तात्यांशी बोलताना ते एका बुटक्या स्टुलावर बसायचे, म्हणजे दोघांचे डोळे एका रेषेत येतील. तात्यांना ते फार आवडलं. दिगू मधे बसून इकडचं तिकडे करायचा.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांचं चुकलेलं नाही. गाठ शिरेला चिकटलेली दिसते. सोडवता येईल असं मला वाटतं, पण आत गेल्याशिवाय सांगता येणार नाही. शस्त्रक्रिया मोठी आहे, ह्या वयात टेबलावरून परत न येण्याचाही धोका आहे. नाही केली तरी मी तुम्हाला चूक म्हणणार नाही.

तात्यांनी लक्ष देऊन ऐकलं. “त्येंका विचार,” ते दिगूला म्हणाले, “की तुमी कौल कसो लावतास?”

दिगूला ते इंग्रजीत कसं म्हणावं कळेना. त्याने काहीतरी सांगितलं. डॉक्टर हसले, मग थोडा विचार करून बोलले.

“म्हणतात, फोटो बघतो, रक्त बघतो. उरलेला अंदाज.”

“शेवटी अंदाजच मा?” तात्या खूश झाले. दुसऱ्या गावचा गुरव भेटावा तसे. मग त्यांनी दिगूला विचारलं, “तुझा मन काय म्हणता?”

“करूया, तात्या.”

“मगे करूया.” बस. इतकंच. भाजी कुठली करायची त्यावर आमच्या घरात ह्याहून जास्त चर्चा व्हायची.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी दिगू कागदपत्रांसाठी खाली गेला होता. खोलीत मी आणि तात्या. टेबलावर दिगूच्या ऑफिसातल्या लोकांनी पाठवलेली पांढरी फुलं होती, आणि त्यांच्या दोन पाकळ्या खाली गळल्या होत्या. त्या पाकळ्या बघून मला एकदम सुचलं.

“तात्या, हयच लावया कौल? भिंतीवर देवाचो फोटो लावतंय. एकदा परत विचारया.”

“फुलदाणीक कौल लावू?” ते हसले. मग गंभीर झाले. “पमे, देवाक दोनदा विचारूचा नसता. तुका म्हायत आसा.”

“देवान उजवी दिल्यान तरी माका भिया वाटता.”

त्यांनी त्या गळलेल्या पाकळ्या उचलल्या आणि मुठीत धरून बसले. “तुका फुडे कोणी विचारल्यान, बापाशीक इतक्या लांब कित्याक नेलास, तर काय सांगशीत?”

“कोण विचारता? आणि तुमी बरे होवन येतलास घराक.”

“सांग तरी.”

“सांगान, देवान उजवी दिल्यान म्हणान नेलो.”

“हां. त्याच सांग. दिगूक पण त्याच सांग. त्येका कधी वायट वाटला तर तू सांग.” मग खिडकीकडे मान वळवून म्हणाले, “गो, ही खिडकी उघड. थंय आता बाबल सांजवात लावता आसतलो. घंट वाजतली.”

मी उठून बघितलं. त्या खिडकीला कडीच नव्हती. पूर्ण काच, उघडणारी नव्हतीच. मी त्यांना तसं सांगितलं.

“ऱ्हवांदे,” ते म्हणाले.

ते शस्त्रक्रियेतून जागे झाले नाहीत. हॅरिसन स्वतः आले, टोपीचा वळ कपाळावर तसाच होता. स्टूल ओढून आमच्यासमोर बसले आणि म्हणाले, शीर सोडवता आली नाही. त्यांनी दिगूचा हात धरून ठेवला होता. तिथेच दहन केलं. बटण दिगूने दाबलं. मला अजून ते बटण दिसतं, हिरवं, लिफ्टला असतं तसलं. आयुष्यभर देवाला उदबत्ती ओवाळलेला माणूस, त्याला कुणी चंदनाचा तुकडाही लावला नाही. अस्थी एका डब्यातून आणल्या. विमानात मी तो डबा मांडीवर धरून बसले होते.

बाबलकाका गावाच्या वेशीवर आला होता. डबा बघितला आणि त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला सुरुवात केली. उजव्या हाताने, डाव्या हाताने. लोकांनी त्याचे हात धरले. मला वाटलं, भावाचं दुःख.

मी मात्र त्याच्यावर ओरडले. सगळ्या गावासमोर. “खंय गेली तुझी उजवी? तुझ्या देवान आमका फसवल्यान!”

तो मान खाली घालून उभा राहिला.

त्यानंतर त्याने पूजा केली, घंटा वाजवली, समई लावली, पण कौल लावला नाही. गावचे मानकरी पाया पडले, नाही म्हणजे नाही. लोक म्हणायला लागले, आत्माराम गुरवाक दिलेलो कौल फुकट गेलो, रवळनाथाचा पाणी संपला. ज्यांना विचारायचं ते शेजारच्या गावच्या देवाकडे जायला लागले. मी तर देवळावरून जायचंच सोडलं. शाळेत शिकवायला जाताना मी मुद्दाम पाणंदीने लांबून जायची.

पण सुटका कुठली? पाकळी पडण्याचा आवाज होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी भांडी घासताना, वह्या तपासताना मागे काहीतरी टपकन पडल्याचा भास व्हायचा आणि मी वळून बघायची. स्वप्नात मी गाभाऱ्याबाहेर उभी असायची, आत काळोख, आणि काळोखात फक्त तात्यांची पिवळी मूठ. मी म्हणायची, तात्या, उघडा, बघू काय आहे. ते उघडायचे नाहीत.

बरीच वर्षं गेली. बाबलकाका अंथरुणाला खिळला. पडवीत बाजेवर पडून असायचा, दोन्ही डोळ्यांत सारा येऊन आंधळा झालेला. त्याला पेज भरवायला मी जायची. राग होता, पण घरचं माणूस ते घरचं माणूस. एक दिवस पेज अर्धी ठेवून तो म्हणाला, “पमे, देवाचो राग सोड गो. देवान फसवल्यान नाय.”

“ऱ्हवांदे काका. जेव.”

“डावी पडली हुती.”

मी चमचा वाटीत ठेवला.

“लावलंय आणि पडली. मी हात पण मागे घेवक नव्हतंय.” तो समोर बघत होता, जिथे त्याला काही दिसत नव्हतं. “दादान ती उचलल्यान, मुठीत घेतल्यान, आणि माका म्हणालो, उजवी म्हणान सांग. मी म्हटलंय, दादा, ह्या पाप. देवाच्या दारात खोटा? तर म्हणालो, बाबल, भायर बघ. पोरा कशी उभी आसत बघ. डावी सांगलंस तर माका चार दिस घरात मिळतले, आणि त्येंका जल्माचो घोर. म्हणतली, तेव्हा नेलो असतो तर बापूस जगलो असतो. दिगू तर खुळो होतलो. आवशीच्या वेळेक पोचाक नाय, ता अजून उरात घेवन फिरता. त्यापरास मी जावन येतंय.”

“आणि तू सांगलंस?”

“मी म्हटलंय, दादा, तू परत येवचंस नाय. तो म्हणालो, म्हायत आसा.” काकाच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. “मोठ्या भावाचो शब्द मोडूक येयना. सांगलंय. ज्या तोंडान एकदा खोटा सांगलंय, त्या तोंडान परत देवाचा नाव घेवन काय सांगू? म्हणान सोडलंय.”

मी त्याचे डोळे पदराने पुसले. मला आठवलं, वेशीवर तो स्वतःला मारत होता ते तोंडावर. आणि मी चारचौघांत त्याला काय बोलले ते. आणि ती खिडकी. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तो विमानात बसला, स्टुलावरच्या डॉक्टरशी थट्टा केली, आणि खिडकी उघडत नाही म्हटल्यावर ‘ऱ्हवांदे’ म्हणाला.

“कित्याक लपवन ठेवलंस इतकी वर्सा?”

“त्येनी घातलेली शपथ. पण तू रवळनाथाक शिव्या घालतंस, ता बघवना. दादा शाणो हुतो, पण इतक्या त्येच्या ध्यानात येवक नाय. तो गेल्यावर तुमी कोणाक तरी दोष देतलासच.” त्याने चाचपडत माझं मनगट धरलं. “दिगूक सांग नको हां.”

उरलेली पेज गार झाली होती, ती परत ऊन करून आणली आणि त्याला भरवली.

त्या महिन्यात तात्यांचं श्राद्ध आलं. दिगूचा दरवर्षी त्या दिवशी फोन येतो, आणि दरवर्षी तो एक वाक्य म्हणतो, “पमे, एक बरं झालं, आपण करायचं ते सगळं केलं.” ह्या वेळी तो म्हणाला नाही.

“काय रे?”

“काही नाही. आता माझंही वय होत आलं ना. राहून राहून वाटतं, त्यांना घरी ठेवलं असतं तर? देवळाची घंटा ऐकत गेले असते. त्यांना यायचं नव्हतं, पमे. मी पाय धरले, म्हणून आले. मी मारलं का गं त्यांना?”

समोर पानावर तात्यांसाठी वाढलेला भात होता, वडे होते, काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. कावळा अजून शिवला नव्हता. माझ्या घशाशी खरं काय ते सगळं आलं होतं, अगदी जिभेपर्यंत. इथून पुढे वर्षानुवर्षं मी एकटीने काय म्हणून वागवायचं? त्याचाही बाप होता.

“खुळो की काय?” मी म्हटलं. “आपण कोण नेणारे? देवाक विचारलेला ना? तू थंयच उभो हुतंस, तुझ्या कानान आयकलंस.”

“ऐकलं.”

“मगे?”

“परत एकदा सांग ना, पमे. काय दिली होती देवाने?”

“उजवी,” मी म्हणाले. “उजवी दिल्यान.”

“हॅलो? पमे, आवाज फाटतोय गं तुझा,” दिगू म्हणाला. “लाईन खराब आहे वाटतं.”